स्ट्रोकनंतर फॅमिली डॉक्टरकडे जाताना काय काय तयारी ठेवायची

पेशंट घरी आला की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि आठवडाभरात लक्षात येतं की खरं काम तर आत्ता सुरू झालंय. न्यूरोलॉजिस्ट अधूनमधून भेटणार, फिजिओ आठवड्यातले काही तास, बाकी सगळे दिवस घरची माणसं आणि फॅमिली डॉक्टर, आणि तेही पुढची कित्येक वर्षं. डॉक्टरांकडे एका पेशंटला दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यात "काय म्हणताय, बरंय ना", "हो बरंय" एवढंच होऊन आपण बाहेर पडतो आणि रिक्षात बसल्यावर आठवतं की अरे, ते खांद्याचं विचारायचं राहिलंच. बाबांच्या स्ट्रोकनंतर मी जी तयारी करून जाते ती इथे लिहितेय, ज्यांच्या घरी आत्ताच डिस्चार्ज झालाय त्यांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी फाईल. डिस्चार्ज कार्ड नुसतं ठेवू नका, वाचा. स्ट्रोक मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे झाला की रक्तस्रावामुळे हे त्यात स्पष्ट हवं. साधारण 85 टक्के स्ट्रोक गुठळीचे असतात, पण रक्तस्रावाचा असेल तर औषधांचं सगळं गणितच बदलतं. मेंदूच्या कुठल्या बाजूला झाला, स्कॅनचा रिपोर्ट, आणि मुख्य म्हणजे कारण काय सापडलं ते बघा. बीपी, शुगर, हृदयाचे ठोके अनियमित पडणं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेली, यातलं काय? की अजून एखादी तपासणी बाकी आहे? कारण लिहिलेलं नसेल तर हॉस्पिटलमधून निघायच्या आधीच विचारून घ्या, कारण दुसरा स्ट्रोक टाळायची सगळी धडपड त्या कारणावरच अवलंबून असते.

मग गोळ्यांचा कागद. प्रत्येक गोळीपुढे तीन गोष्टी: नाव, कशासाठी, कधीपर्यंत. हे "कधीपर्यंत" फार महत्त्वाचं आहे हो. छोट्या स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या सुरू करतात, पण दोन्ही एकत्र बहुतेक वेळा 21 दिवस, काहींना 90 दिवसांपर्यंत, आणि मग एकच गोळी चालू राहते. तारीख लिहिलेली नसली की दोन्ही महिनोन्महिने चालू राहतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, नाहीतर उलटं, कुणीतरी "कोर्स संपला" म्हणून दोन्ही बंद करून टाकतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तेच, रिपोर्ट नॉर्मल आला की लोक बंद करतात, पण तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर रक्त पातळ करायची गोळी वेगळ्या प्रकारची असते, तिचा एखादा डोस विसरला तर काय करायचं हे आधीच विचारून लिहून ठेवा, आणि ती वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघायची तपासणी, कधी करायची (बहुतेकांचा आकडा 2 ते 3 मध्ये ठेवतात) त्याच्या तारखा टाका. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सप्लिमेंट, काढे, जे काही घेताय ते सगळं त्या कागदावर आलं पाहिजे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी बीपी वाढू शकतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांना ते माहीत असणं गरजेचं आहे.

बीपीची वही. दवाखान्यात घेतलेल्या एका आकड्यावर डॉक्टरांना फार काही ठरवता येत नाही, घरचे आकडे लागतात. भेटीच्या आधीचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, आणि एक मिनिट थांबून परत एकदा. अशक्त हात सोडून चांगल्या हातावर घ्या. बऱ्याच डॉक्टरांचं टार्गेट 130/80 च्या खाली असतं, पण तुमच्या पेशंटचं किती ते त्यांनाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर उभं राहून घेतलेलं बीपीही लिहा, बीपीच्या गोळ्या वाढल्या की हे होऊ शकतं आणि त्यातून माणूस पडतो.

आता घरात बघून ठेवायच्या गोष्टी, कारण यातल्या बऱ्याचशा डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळतच नाहीत.

गिळणं. पाण्याचा घोट घेतल्यावर लगेच ठसका लागतो का हे सगळे बघतात, पण घोट गिळल्यानंतर आवाज ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा येतो का हेही ऐका. जेवायला वेळ जास्त लागतोय, घास गालात राहतोय, वजन कमी होतंय, वारंवार ताप किंवा कफ होतोय, यातलं काहीही असेल तर लगेच सांगा, अन्न-पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेततो. तोपर्यंत जेवताना ताठ बसवा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका, आणि तोंड रोज नीट स्वच्छ ठेवा.

खांदा. लुळा पडलेला हात धरून माणसाला उठवायचं नाही, कधीच नाही, घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण मदत करायला आलेला माणूस पहिलं तेच करतो. खांद्याचे स्नायू ढिले असतात, ओढलं की सांधा खाली सरकतो आणि मग दुखणं महिनोन्महिने जात नाही. शर्ट घालताना अशक्त हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. बसल्यावर हाताखाली उशी. बोटं घट्ट मिटायला लागली, कोपर वाकून राहायला लागलं तर थांबू नका, ताठरपणावर व्यायाम आहेत, हात सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या म्हणजे स्प्लिंट आहेत, बोटॉक्सची इंजेक्शनंही आहेत, पण सांधा एकदा आखडला की सगळंच अवघड होतं.

पडणं. गेल्या भेटीपासून किती वेळा पडले, कुठे, किती वाजता, एवढं लिहा. बहुतेक वेळा रात्री बाथरूमला जाताना, म्हणजे तिथे दिवा आणि धरायला दांडी आधी लावून घ्या, सुटी पायपुसणी उचलून टाका. लघवी-संडासचा त्रास असेल तर तो लाज न धरता सांगा, त्यावर इलाज असतो आणि पडण्याचं अर्धं कारण तिथली घाईच असते.

आणि ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते: थकवा आणि मन. स्ट्रोकनंतरचा थकवा झोप काढून जात नाही, पाहुणे येऊन तासभर बोलले की माणूस दिवसभरासाठी गळून जातो, आणि घरचे म्हणतात आळस करतोय. तो आळस नाहीये, कृपा करून असं बोलू नका. साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. व्यायामाला नको म्हणणं, जेवण सोडणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, हे दिसलं तर डॉक्टरांना सांगा, पेशंटसमोर नाही बोलता आलं तर चिठ्ठी द्या, पण सांगाच, त्यावर उपचार आहेत. काही जणांना कारण नसताना एकदम रडू येतं किंवा हसू फुटतं, तो मेंदूच्या इजेचा भाग असतो, त्यालाही औषध आहे.

बोलता येत नसेल तर भेटीच्या आधी घरीच त्यांच्याबरोबर बसून प्रश्न ठरवा. एका वेळी एकच प्रश्न, हो किंवा नाही मध्ये उत्तर देता येईल असा, चित्र किंवा बोट दाखवून, आणि उत्तराला भरपूर वेळ. शब्द सापडत नाहीत म्हणजे समजत नाही असं अजिबात नसतं. दवाखान्यात डॉक्टर आपल्याकडे बघून बोलायला लागले तर नम्रपणे सांगा की बाबांनाच विचारा, मी मदत करते.

काळजी घेणाऱ्याचंही एक पान हवं. झोप किती होते, पाठ दुखते का, उचलायची योग्य पद्धत कुणी शिकवलीय का, आठवड्यातून काही तास दुसरं कोण बसू शकतं. हे डॉक्टरांना सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, आपण आडवे झालो तर पेशंटचं कोण बघणार?

फ्रिजवर एक कागद लावा: चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतंय, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, की लगेच ॲम्ब्युलन्स. पुन्हा स्ट्रोक आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून पेशंट शेवटचे नॉर्मल किती वाजता होते ती वेळ लिहून घ्या, आणि दोन मिनिटात बरं वाटलं तरी जाच. घरातली ॲस्पिरिन मनाने देऊ नका, रक्तस्राव असेल तर उलटं होईल.

शेवटी तारखा. सहा महिन्यांनी एक पूर्ण आढावा आणि मग दरवर्षी एक, फक्त स्ट्रोकसाठी, सर्दी-तापाच्या भेटीत गुंडाळलेला नको. त्यात फिजिओ आणि स्पीच थेरपी परत लागेल का हे विचारा. सुधारणा पहिल्या काही महिन्यात सगळ्यात वेगात होते पण नंतर थांबतेच असं नाही, त्यामुळे "आता काही होणार नाही" असं कुणी म्हणालं तर पुन्हा तपासणी मागा. गाडी कधी चालवायची, कामावर कधी जायचं, नवराबायकोचे संबंध ठेवायला हरकत आहे का, हे प्रश्नही त्याच कागदावर लिहून न्या, तोंडाने विचारायला अवघड वाटलं तर कागद सरळ डॉक्टरांसमोर सरकवा.