साताऱ्याच्या डोंगरात एमटीबी (माउंटन बाइक) टूर काढताय? नेव्हिगेशनच्या या चुका टाळा

यवतेश्वर घाट चढून कास, मग बामणोली, पुढं तापोळा आणि महाबळेश्वर असा प्लॅन बरेच जण करतात. ॲपमध्ये सुरुवात-शेवट टाकला की रेडी लाईन मिळते आणि लोक ती जीपीएक्स (रूटची फाईल) तशीच डिव्हाइसमध्ये, म्हणजे सायकलवरच्या जीपीएस यंत्रात, टाकून निघतात, मग बामणोलीला समोर शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, येतो आणि लाईन पाण्यावरून चाललेली. ॲप बिघडलेलं नसतं. बरीच सायकलिंग ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात आणि तिथं लाँचचा (बोटीचा) मार्ग पण लाईन म्हणूनच काढतात. लाँच दिवसाउजेडीच असते, सायकल चढवतील का हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

चाळकेवाडीच्या पठारावर याचाच दुसरा प्रकार. ठोसेघरच्या पुढं पवनचक्क्यांचे सर्व्हिस रोड आहेत, सॅटेलाइट व्ह्यूमध्ये एकदम मस्त रुंद दिसतात म्हणून लोक शॉर्टकट काढतात, पण त्यातले कितीतरी रस्ते एखाद्या पवनचक्कीच्या बुंध्याशी जाऊन संपतात. झूम करून रस्ता शेवटपर्यंत बघा, दुसऱ्या टोकाला जोडलेला आहे का ते. कोयना-चांदोलीकडं तर आणखी सांभाळून, तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे आणि उठवलेल्या गावांच्या जुन्या वाटा मॅपवर अजून असू शकतात. ॲपवर कुणाची तरी तिथली राइड रेकॉर्ड झालेली दिसली म्हणजे वनखात्याची परवानगी मिळाली असं होत नाही.

डिव्हाइस मधेच वेगळ्याच दिशेला वळवायला लागलं तर आधी सेटिंगमध्ये रीकॅलक्युलेशन बंद करा. एकदा लाईन सोडली की ते स्वतःच्या मनाने नवीन रूट काढतं आणि तुम्ही ठरवलेली कच्ची वाट टाळून हायवेला नेऊन सोडतं. खूप लांबलचक ट्रॅकवर हँग होत असेल तर रोजचा वेगळा तुकडा करा, झालं.

"रेंज गेली, जीपीएस बंद पडला" हे दर ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच. जीपीएस फक्त उपग्रहांचं ऐकतो, त्याला सिम लागत नाही, गेलेला असतो तो स्क्रीनवरचा, नेटवरून येणारा मॅप. ऑफलाइन मॅप घरच्या वायफायवरच उतरवा. गुगल मॅप ऑफलाइन असताना गाडीचाच रस्ता सांगतो, सायकलचा किंवा चालायचा नाही, म्हणून ओस्मअँडसारखं ऑफलाइन मॅपचं ॲप जोडीला ठेवा. दरीत फोन सारखी रेंज शोधत बॅटरी खातो, तिथं सरळ एअरप्लेन मोड. फक्त रेंज नसताना पहिली लोकेशन मिळायला वेळ लागतो, तेव्हा मोकळ्या जागी थोडं थांबा, घाटाच्या कड्याखाली उभं राहून डिव्हाइसला शिव्या देऊ नका.

चार्जिंगसाठी डायनामो हब (चाक फिरलं की वीज देणारा चाकाचा हब) घेतलेल्यांची आणखी एक तक्रार असते, की चार्जच होत नाही. हे हब साधारण 6 व्होल्ट, 3 वॅटचे असतात आणि यूएसबी चार्जरला कामाचा करंट मिळायला ढोबळमानाने ताशी 12-15 किमी वेग लागतो. सामान लादून घाट चढताना आपण 6-7 ने चाललेलो असतो, म्हणजे चार्जिंग जवळपास शून्य आणि कमी वेगात चार्जर चालू-बंद होत राहिला की फोनची स्क्रीन सारखी उजळते, त्यात उलट बॅटरी जाते. डायनामोने पॉवर बँक भरा, फोन रात्री पॉवर बँकेवर लावा. (आपल्या भागात इतका चढ आहे की मी तर दोन पॉवर बँकाच घेईन, डायनामोचा खर्च वाचला.)

पावसात थेंबांनी टचस्क्रीन आपोआप दाबली जाते, म्हणून लॉक करून ठेवा, बटणवालं डिव्हाइस असेल तर उत्तम. पोर्ट ओला असताना केबल खुपसू नका. उंचीचा आकडा भलताच यायला लागला तर बॅरोमीटरच्या (हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या सेन्सरच्या) छिद्रात चिखल अडकलाय का बघा, साध्या पाण्याने धुवा, टाचणी नको.

आणि वाटेत विचारताना "पुढं रस्ता हाय का?" असं विचारू नका, "हाय की" हेच उत्तर येणार, ज्या वाटेने म्हसरं जातात तोही त्यांच्यासाठी रस्ताच. "पुढं यष्टी जाती का? नसंल तर मोटरसायकल तरी जाती का, आणि पावसाळ्यात?" असं विचारा. यष्टी म्हणाले तर निवांत जा. मोटरसायकल म्हणाले तर कुठंतरी ढकलावी लागेल असं धरून अंधार पडायच्या आत पोचायचा हिशोब करा.