बालवाडीत माती घेऊन जाताना

पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा लागतो, याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालात आहे. त्या विषयाचा प्रकल्प म्हणून दरवर्षी आमच्या टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेल्या वह्यांचा ढीग पडतो आणि त्यांतील बहुतेक मजकूर एकमेकांवरून उतरवलेला असतो. त्याऐवजी पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने जवळच्या बालवाडीत किंवा अंगणवाडीत जाऊन मुलांच्या हाताला माती लावून यावे, असा पर्याय मी काही वर्षे देत आले आहे. तो घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या प्राध्यापकांसाठीही, हे टिपण आहे.

प्रथम परवानगीबद्दल. महाविद्यालयाचे पत्र, मुख्याध्यापिकांची किंवा सेविकाताईंची संमती आणि पालकांना आधी दिलेली सूचना एवढे पुरते. मुलांचे फोटो मात्र पालकांच्या परवानगीशिवाय काढू नयेत, आणि काढलेच तर ते स्टेटसवर टाकू नयेत. उपक्रमाच्या आठवडाभर आधी एकदा रिकाम्या हातांनी जाऊन तासभर नुसते बसावे. पाण्याचा नळ कुठे आहे, मुले घरी कोणती बोली बोलतात, खाऊची वेळ कोणती, कोणते मूल अनोळखी माणसाला पाहून रडते, हे त्या तासात कळते आणि पुढचे निम्मे काम तिथेच होते.

आमच्या पहिल्या वर्षी आम्ही यातले काहीच केले नव्हते. प्रकाशसंश्लेषणाचा रंगीत तक्ता घेऊन वीस विद्यार्थी एका बालवाडीत शिरले, त्यांतील एकीने हरितद्रव्यावर मनापासून सात मिनिटे भाषण केले, आणि त्या सात मिनिटांत सगळ्या मुलांच्या माना खिडकीबाहेर पाला ओरबाडणाऱ्या शेळीकडे वळलेल्या होत्या. खरे तर त्या दिवशीचा पर्यावरणाचा पाठ शेळीच घेत होती; आम्ही तक्ता गुंडाळून बाहेर जायला हवे होते. तेव्हापासून नियम असा, की एका भेटीत एकच उपक्रम, एकच प्रश्न, आणि एका ताईकडे किंवा दादाकडे पाचांहून अधिक मुले नाहीत.

सुरुवातीसाठी बाटलीतल्या मातीचा प्रयोग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एक लिटरच्या स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या दोन बाटल्या घ्याव्यात. माती मुलांनीच अंगणातून वेचून, मुठीमुठीने आणावी आणि नरसाळ्यातून भरावी. पाव बाटली माती झाली, की गळ्यापर्यंत पाणी ओतून झाकण घट्ट लावावे आणि बाटली प्रत्येकाच्या हातात देऊन हलवायला सांगावे. मग ती सतरंजीवर ठेवून सर्वांनी पोटावर पालथे पडून पाहावे. खडे आणि रेती मिनिटाच्या आत तळाशी जातात, त्यांवर बारीक गाळ बसू लागतो, वाळक्या काड्या आणि पाने वर तरंगत राहतात, पाणी मात्र गढूळच राहते. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते, म्हणून ती घेतली असेल तर पाणी दुसऱ्या दिवशीही निवळलेले नसते. येथे दुसरी बाटली कामी येते: तिच्यात तुरटीचा खडा फिरवावा, आणि थोड्या वेळाने दोन्ही बाटल्या शेजारी ठेवाव्यात. पावसाळ्यात घरातील मोठी माणसे पाण्यात तुरटी का फिरवतात, हे पुष्कळ मुलांनी पाहिलेले असते आणि ती तसे सांगतातही.

या वेळी विद्यार्थ्याने बोलायचे ते इतकेच: “खाली काय गेलं? वर काय राहिलं? का बरं?” आणि त्यानंतर गप्प राहायचे. हे गप्प राहणे पदवीच्या मुलांना सर्वांत अवघड जाते, कारण उत्तर त्यांना येत असते. एकदा एका मुलीने “माती दमली म्हणून खाली बसली” असे सांगितले आणि माझा विद्यार्थी तिला लगेच सुधारू लागला. त्याने तसे करायला नको होते. “मग वरची काडी दमली नाही का?” असे त्याने विचारले असते, तर ती जड-हलक्यापर्यंत स्वतःच्या पायांनी पोचली असती.

पावसाळ्यात गांडूळही घेता येते. गांडूळ त्वचेतून श्वास घेते आणि त्यासाठी ती ओली राहावी लागते, म्हणून मुलांचे तळहात आधी पाण्याने ओले करून घ्यावेत. ताटलीत ओली माती पसरून अर्ध्या भागावर पुठ्ठा ठेवला, तर डोळे नसलेले हे गांडूळ उजेड टाळून पुठ्ठ्याखाली सरकते आणि मुले श्वास रोखून पाहत बसतात. पाच मिनिटांत त्याला जिथून आणले तिथेच सोडावे, तेही मुलांच्याच हातून. ज्याला किळस वाटते त्याला आग्रह करू नये. लांबून पाहणे हेही पाहणेच आहे.

बोर्डीला 1945 मध्ये बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शिंपले, खडे असेच साहित्य वापरले, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. साहित्यावर पैसे खर्च करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगते. दुकानातून आणावे लागेल असे काहीही या कामाला लागत नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र कंजुषी नको. अंगण आदल्या दिवशी फिरून पाहावे. कण्हेर, धोतरा, रुईचा चीक, गाजरगवत आणि खाजकुइली यांपासून मुलांना दूर ठेवावे. लाल-काळ्या गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी त्या विषारी असतात, म्हणून बियांच्या खेळात त्या कधीही घेऊ नयेत. कडधान्य भिजवून मोड आणण्याचा उपक्रम सोपा वाटतो, पण त्यातच आमची फजिती झाली होती: एका मुलाने हरभरा नाकात घातला आणि तो बालवाडीच्या बाईंच्या लक्षात येईपर्यंत आम्ही गाणी म्हणत होतो. दाणा ओलाव्याने फुगतो, म्हणून तो पिनेने किंवा बोटाने काढण्याच्या फंदात न पडता मुलाला थेट डॉक्टरांकडे न्यावे. आम्ही तेच केले. आता दाणे मोजून देतो आणि मोजून परत घेतो, किंवा सरळ पेल्यातल्या पाण्यावर कांदा किंवा रताळे ठेवतो. शेवटी प्रत्येकाचे हात साबणाने, नखांसह धुऊन होईपर्यंत खाऊचे डबे उघडू देऊ नयेत.

एकाच भेटीत सारे संपवणे मला पटत नाही, म्हणून निघताना एका कुंडीत केळीची साल, झाडाचे पान आणि वेफर्सचे रिकामे पाकीट मुलांकडून पुरून घ्यावे आणि चार आठवड्यांनी येण्याची तारीख बाईंच्या कॅलेंडरवर लिहून यावे. तोवर माती ओलसर ठेवण्याचे काम मुलांचे. चार आठवड्यांनी साल काळी पडून विरत आलेली असते, पान मऊ झालेले असते आणि पाकीट झटकले की त्यावरची अक्षरे तशीच वाचता येतात. कुंड्या दोन भराव्यात आणि दुसरी बाईंच्या कपाटामागे ठेवावी, कारण पहिली तिसऱ्याच दिवशी उकरलेली असते.