सेगा सुपरस्टार्स टेनिस : पूर्ण भरलेला स्टार मीटर कधी वापरायचा?

२००८ च्या या व्हिडिओ गेममध्ये सोनिक, आयआय, उलाला अशी सेगा या गेम कंपनीच्या गेममधली जुनी लाडकी मंडळी एकाच कोर्टवर येतात. स्टार मीटर पूर्ण भरला की सुपरस्टार अवस्था, म्हणजे पात्राचे खास वळणारे फटके, सुरू करता येते. बहुतेक जण हा मीटर भरला रे भरला की लगेच वापरून टाकतात, आणि तिथेच तो वाया जातो. प्रतिस्पर्धी कोर्टच्या मधोमध असेल तर वळणारा चेंडूही तो सहज गाठतो. आधी खोल टॉपस्पिनने (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्याने) त्याला बेसलाइनमागे, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपलीकडे रेटा, मग स्लाइसने (उलट फिरकीच्या फटक्याने) एका कोपऱ्यात ओढा. तो तिकडे धावत असतानाच सुपरस्टार अवस्था सुरू करा आणि फटका उलट्या कोपऱ्यात मारा. चेंडू पोहोचण्याआधीच जागेवर उभे राहून बटण दाबा. धावता धावता मारलेल्या फटक्यात जोर राहत नाही.