स्टेशन ते दीक्षाभूमी: आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा हेरिटेज वॉक असा घ्या

अंतर सुमारे पाच किलोमीटर, वेळ अडीच तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार, सकाळी सात. नागपूरच्या उन्हाळ्यात हा वॉक ठेवू नका. अशोक विजयादशमीच्या, म्हणजे दसऱ्याला दीक्षेच्या स्मरणार्थ लोटणाऱ्या गर्दीत तर नाहीच. माणसं वीसच घ्या. त्याहून जास्त झाली की वर्धा रोडच्या गाड्यांत मागच्यांना काही ऐकू येत नाही.

सुरुवात रेल्वे स्टेशनबाहेर करा. जाईबाई चौधरी नागपूर-कामठी अशी हमाली करायच्या, पुढे शिकल्या आणि मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाची शाळा काढली. आधी दहा किलोची पिशवी प्रत्येकाच्या डोक्यावर देऊन पन्नास पावलं चालायला लावा. पिशवी उतरवताना मानेला रग लागलेली असते. जाईबाईंची हकीगत तेव्हा सांगा. मान किंवा पाठ दुखणाऱ्यांना यातून वगळा.

मानस चौकातून बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत या. 1956 ला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वेळी बाबासाहेब बर्डीतल्या श्याम हॉटेलात उतरले होते, हे बहुतेकांना माहीत असतं. तिथे पाच मिनिटं पुरेत. जास्त वेळ 1942 ला द्या. त्या वर्षी 20 जुलैला मोहन पार्कात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांचं वाक्य त्याच परिषदेतलं. गाईड ते म्हणतात आणि पुढे चालू लागतात. सगळा वॉक तिथेच फसतो, कारण बाया नुसत्या श्रोत्या उरतात. त्यांनी काय मागितलं ते सांगा: घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणी-विडी कामगार बायांना वर्षाला 21 दिवसांची रजा, गिरण्यांत देखरेखीला बाई. एकेक ठराव मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या आणि सोबतच्या बायांकडूनच वाचून घ्या. सकाळी दुकानं बंद असतात, तेव्हा आतल्या गल्लीत उभं राहा. मेन रोडवर आवाज बसतो.

झाशी राणी चौकाच्या मेट्रो स्टेशनवर पाणी, स्वच्छतागृह. पुढे पंचशील चौक, लोकमत चौक, रहाटे कॉलनी. या टप्प्यात बोलू नका, नुसतं चाला. पूल आणि सिग्नल असल्याने रांग तुटते, म्हणून शेवटी एक जण हवाच.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षेसाठी पांढरी लुगडी नेसून आलेल्या बायांबद्दल जे सांगायचं ते दीक्षाभूमीच्या फाटकाबाहेर सांगून संपवा. आत चपला काढायच्या, माईक नाही, गट नाही. ज्याला जितका वेळ बसायचं तितका त्याने बसावं.