द्राक्षांचा पहिला कंटेनर युरोपला पाठवताना कागदपत्रे कशी जुळवावीत

निर्यातीसाठी सरकारने सक्तीची ठरवलेली कागदपत्रे तीनच आहेत: बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल (जहाज किंवा विमान कंपनीने दिलेली मालाची पावती), पॅकिंग लिस्टसह कमर्शियल इनव्हॉइस आणि शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचे निर्यातीचे घोषणापत्र). विदेश व्यापार महासंचालनालयाने १ एप्रिल २०१५ पासून ही संख्या एवढी खाली आणली. तरीही नाशिकचा बागायतदार नेदरलँड्सला पहिला कंटेनर पाठवायला निघतो तेव्हा फाइल चांगलीच जाड होते, कारण खरेदीदार, त्याची बँक आणि तिकडचे कस्टम्स यांच्या मागण्या या तिन्हींपलीकडच्या असतात.

सुरुवात आयात-निर्यात कोडपासून करावी. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून तो मिळतो, आणि आता पॅन क्रमांक हाच तो कोड असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काहीही बदललेले नसले तरी, त्यातील माहिती पडताळून कायम करावी लागते. हे राहून गेले तर कोड निष्क्रिय होतो, आणि ते बहुधा माल निघायच्या दिवशीच लक्षात येते. यानंतर अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीसाठीच्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी करून सदस्यत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या बँक शाखेचा एडी कोड कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवावा. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर आरएफडी-११ या अर्जाने हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दाखल करावे. त्याची मुदत त्या आर्थिक वर्षापुरतीच असते, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल चालणाऱ्या द्राक्ष हंगामात ३१ मार्च ही तारीख मध्येच येते, याचे भान ठेवावे.

द्राक्षांच्या बाबतीत खरे काम बागेतच सुरू होते. युरोपसाठीची बाग कृषी विभागाकडे नोंदवून ग्रेपनेट या अपेडाच्या प्रणालीत तिला क्रमांक मिळालेला असावा लागतो. त्या क्रमांकाच्या प्लॉटमधून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः नमुना घेतो आणि कीडनाशकांच्या उर्वरित अंशांचा अहवाल प्रणालीत चढवतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली होती आणि त्याचा फटका कित्येक बागायतदारांना बसला. म्हणून फवारणीची वही ही निर्यातीच्या फाइलमधली पहिली नोंद आहे, असे मी मानतो. अहवाल योग्य आल्यानंतरच पॅकहाऊसमध्ये मालाची तपासणी होऊन अॅगमार्क प्रमाणपत्र आणि त्यानंतर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘फायटो’ म्हणतो ते, मिळते. लाकडी पॅलेट वापरले असतील तर त्यांवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.

आता सर्वांत जपायची गोष्ट. समजा पाच किलोच्या २,८८० खोक्यांचा कंटेनर आहे. निव्वळ वजन १४,४०० किलो झाले. हाच खोक्यांचा आकडा, हेच वजन, खरेदीदाराचे हेच नाव, हाच कंटेनर क्रमांक आणि हाच सील क्रमांक इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, फायटो आणि बिल ऑफ लेडिंग यांत जिथे जिथे येतो तिथे अक्षरशः सारखाच असला पाहिजे. माझ्या पहिल्या हंगामात फायटोवर २,८८० ऐवजी २,८०८ असे टंकले गेले होते. खरेदीदाराने मसुद्याची प्रत पाहून तो आकडा दाखवला म्हणून निभावले, पण दुरुस्त प्रमाणपत्र हाती येईपर्यंतचे दोन दिवस झोप नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक कागदाचा मसुदा आधी मागवतो, दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगतो आणि स्वतः इनव्हॉइसवर पेन्सिलने एकेक आकडा टिपत जातो. यात अर्धा तासही जात नाही.

न्हावा शेवा बंदरावर शिपिंग बिल आपला कस्टम्स ब्रोकर भरतो, मात्र त्यातला एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक), ताज्या द्राक्षांसाठी ०८०६१०००, आणि एलयूटीचा तपशील आपण वाचून पाहावा. भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन जहाज कंपनीला कळवणे १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे. कस्टम्सने माल चढवण्यास परवानगी दिली की कंटेनर जहाजावर जातो आणि बिल ऑफ लेडिंग तयार होते. मूळ बिल म्हणजे मालावरचा हक्क. पैशांची खात्री नसताना ते थेट खरेदीदाराकडे रवाना करू नये, बँकेमार्फतच पाठवावे.

व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे अटींनुसार कागद दिल्यास पैसे देण्याची हमी देणाऱ्या खरेदीदाराच्या बँकेच्या पतपत्रावर, असेल तर ते हाती येताच, खोकी भरण्याआधी, ओळ न ओळ वाचावे. इनव्हॉइसमधले मालाचे वर्णन पतपत्रातल्या वर्णनाशी जुळलेच पाहिजे, आणि पतपत्रात वेगळी मुदत नसेल तर माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत दाखल व्हावे लागतात. मात्र पतपत्राची स्वतःची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच तारीख पाळावी. एखादी अट पाळणे शक्य नसेल तर दुरुस्तीची विनंती त्याच वेळी करावी, कारण माल समुद्रात असताना खरेदीदाराला दुरुस्तीची घाई नसते.

पैसे खात्यात जमा झाल्यावर बँक ती आवक नोंदवते. ती शिपिंग बिलाशी जोडून ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे मिळाल्याचे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र, काढून घ्यावी आणि त्या कंटेनरची फाइल तेव्हाच बंद करावी.