गाडीचा कॅम्पर करताय? मग आधी तळाला भोक पाडा

भावांनो, जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं फॅब्रिकेशन करून आणायचं, बेड-ओटा टाकून एलईडीच्या माळा सोडायच्या नि दाजीपूरला मुक्कामाला जायचं, हे खूळ सध्या लय जणांना लागलंय, मला पण. फक्त माळांवर जेवढा जीव टाकतोय तेवढा सिलेंडरवर कोणी टाकत नाही.

माझंच सांगतो. पहिल्यांदा सिलेंडर बेडखाली बसवला, प्लायच्या पेटीत, एकदम फिट्ट. गगनबावड्याचा घाट करून थांबलो, आत उभा राहिलो तर काय वास नाही, आणि चप्पल शोधायला खाली वाकलो तर भपकारा नाकात! हादऱ्यानं नळीची क्लिप सैल झालेली. एलपीजी हवेपेक्षा जड, पाण्यासारखा तळाला साठतो, हवेत साधारण दोन टक्के झाला की एक ठिणगी बास होते.

म्हणून सिलेंडरला वेगळा कप्पा करा, दार बाहेरनं, आतल्या अंगाला पूर्ण सील, आणि तळाला थेट गाडीखाली निघणारं जाळीचं भोक, पण ते सायलेन्सरजवळ नको. सिलेंडर उभाच, पट्ट्यानं आवळलेला. ५ किलोचा भरपूर होतो, बाजारातला बिन-आयएसआय छोटा घेऊ नका, आणि कडीखालच्या पट्टीवरची तारीख बघा, बी-२७ म्हणजे जून २०२७ पर्यंत टेस्टिंगची मुदत. नळी आयएसआयवाली, पाच वर्षांनी बदलायची. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. जोड तपासायला साबणाचं पाणी, काडी ओढून बघणाऱ्याला गाडीत घेऊच नका. गॅसचा अलार्म तळाशी लावा, आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून, काचा लावून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म वेगळा घ्या.

आता वायरिंग. १००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर नव्वदेक अँपियर ओढतो, नि आमच्या वायरमननं घरातली अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली, हात लावला तर कढत! तिथं निदान २५ स्क्वेअर एमएम लागते, लांब असेल तर अजून जाड. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच, कारण तो वायर वाचवायला असतो, इन्व्हर्टर नव्हे. पत्र्यातनं वायर काढताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रिंग, घालाच. बाहेरनं २३० घेत असाल तर एमसीबीसोबत ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) आणि बॉडीला अर्थिंग, ढाब्याच्या बोर्डाला अर्थिंग असतंच असं नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघत जा.

कागदाचं काम पण आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, मोटार कॅरव्हॅनसाठी, म्हणजे असल्या कॅम्परसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे, म्हणून पत्रा कापायच्या आधी आरटीओत विचारून या.

आणि वास आलाच तर लाइटचं बटण चालू पण नको, बंद पण नको. दार उघडा, व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, नि गॅसच्या इमर्जन्सी नंबरला, १९०६ ला, फोन लावा, तो पण गाडीपासनं लांब जाऊन.