८^९ × १५^२ × ५^२१ ही संख्या किती अंकी?

स्पर्धा परीक्षेची तयारी नुकतीच सुरू केलेल्यांचा हात असं गणित दिसताच गुणाकाराकडे जातो. इथे गुणाकार करत बसायचंच नाही. (^ या खुणेनंतरचा आकडा म्हणजे घातांक.)

आधी प्रत्येक पाया मूळ अवयवांत फोडा. ८ म्हणजे २^३, म्हणून ८^९ = २^२७. घाताचा घात असेल तर घातांकांचा गुणाकार होतो, पण घाईत बेरीज करून २^१२ लिहिलं जातं. शंका आली तर लहान आकड्यावर तपासा: ८^२ म्हणजे ६४, आणि ६४ म्हणजे २^६, २^५ तर ३२च. १५^२ मधून ३^२ आणि ५^२ निघतात. हा ५^२ पुढच्या ५^२१ मध्ये मिळवला की ५^२३. इथे मात्र एकाच पायाच्या दोन घातांचा गुणाकार आहे, म्हणून घातांकांची बेरीज. संख्या झाली २^२७ × ३^२ × ५^२३.

आता २ आणि ५ च्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीचे १०. लहान घातांक २३, म्हणून जोड्या २३च. उरलं २^४ × ३^२ = १६ × ९ = १४४. म्हणजे १४४ आणि त्यापुढे २३ शून्यं, एकूण २६ अंक. अंकांची बेरीज ९. सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे: १०^२३ मध्ये २४ अंक असतात म्हणून ३ + २४ = २७ केलं जातं. पण १०^२३ मधल्या १ च्या जागीच १४४ चा शेवटचा ४ बसतो, त्यामुळे मोजायची ती फक्त शून्यं.

याच मांडणीतून बाकीचे प्रश्नही सुटतात. एकूण विभाजक (२७+१)(२+१)(२३+१) = २०१६. प्रत्येक ठिकाणी १ मिळवायचा, कारण तो अवयव एकदाही न घेणं हाही एक पर्याय आहे. विषम विभाजक हवे असतील तर २ सोडून द्या: ३ × २४ = ७२. पूर्ण वर्ग करायला कितीने गुणावं? २७ आणि २३ हे घातांक विषम आहेत, म्हणून २ × ५ = १० ने. पूर्ण घनासाठी ३ आणि ५ एकेक कमी पडतात, म्हणून १५ ने.

जोडीच नसेल, उदाहरणार्थ नुसता २^१००, तर ही युक्ती चालत नाही. तिथे २ चा लॉगॅरिदम (१० चा कितवा घात घेतला की २ मिळतात, तो घातांक) ०.३०१०३ घ्या: १०० ने गुणून ३०.१०३, त्यातला पूर्णांक ३० अधिक १, म्हणजे ३१ अंक.